एकाच माइकवर घेतलेल्या गिटारला रुंदी कशी द्यायची? लहान स्पीकरवर लावलं की आवाज पोकळ होतो

एकतारा

एका गाण्याचं मिक्स तीन आठवडे अडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाण्यात पाच ट्रॅक आहेत: गायन, अकूस्टिक गिटार, पियानो, बेस आणि शेकर. पाचही मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचे. गिटार माझ्या मोठ्या भावाची आहे. दीड वर्षापूर्वी घरीच एका माइकवर घेतली होती, माइक बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर. त्यानंतर त्याच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि आता तो तशी वाजवू शकत नाही. त्यामुळे परत रेकॉर्ड करणं हा मार्ग बंद आहे, आणि ती दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्यायची माझी इच्छा नाही. जे आहे ते याच टेकमधून काढायचंय.

सगळं मध्ये ठेवलं की पाच माणसं एका अरुंद दारातून एकदम बाहेर पडू बघतायत असं वाटतं. गिटार डावीकडे नेली तर गाणं एका कुशीवर कलतं.

आधी गिटारचा ट्रॅक कॉपी केला, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. काहीच फरक नाही, नुसता आवाज वाढला. मग कुठेतरी वाचून उजवीकडच्या कॉपीला १५ मिलिसेकंद डिले (उशीर) दिला. हेडफोनवर गिटार एकदम कानांच्या बाहेर पसरली, मी खूश. फक्त एक खटकलं: दोन्ही फेडर सारखे असूनही ती डावीकडूनच वाजतेय असं वाटत होतं. उजवी बाजू वाढवून पाहिली, तरी ती डावीकडेच.

त्याच रात्री भावाला बाऊन्स (मिक्सची तयार फाइल) पाठवला. त्यानं तो त्याच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावला, एकच स्पीकर असलेला. त्याचा फोन आला: "डब्यात बसून वाजवल्यासारखं येतंय रे. आणि माझा अंगठा कुठे गेला?" मी तोच बाऊन्स हेडफोनवर परत ऐकला. अंगठ्याचे बेसचे सूर मला तरी व्यवस्थित ऐकू येत होते.

शेवटी एक वाइडनर (आवाज रुंद करणारा) प्लगइन मास्टरवर, म्हणजे सगळ्या गाण्यावर एकत्र, लावून पाहिला. त्यानं गायनाचाच जीव गेला, म्हणून काढून टाकला.

असं का होतं आणि दोन्हीकडे चालेल असा काही उपाय आहे का, हे कुणी समजावून सांगेल का?

रात्रपाळी

वाइडनर काढलात ते उत्तम केलंत. डिलेची कॉपीही काढा.

गिटार एकच ठेवा, साधारण ३० टक्के डावीकडे. पियानो तेवढाच उजवीकडे. दोघांचे सूर मधल्या पट्टीतच फिरत असणार, त्यामुळे ते एकमेकांचं वजन तोलतील आणि गाणं कलणार नाही. गायन आणि बेस मध्येच. शेकर गिटारच्या विरुद्ध बाजूला, पियानोच्याही थोडा पलीकडे.

मग एक स्टिरिओ रूम रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा भास देणारा इफेक्ट) घ्या, छोटी खोली, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. गिटारचा सेंड द्या (थोडा आवाज रिव्हर्बकडे पाठवा) आणि रिव्हर्बचा रिटर्न, म्हणजे तिथून परत येणारा आवाज, किंचित उजवीकडे झुकवा. वाद्य डावीकडे आणि त्याची खोली उजवीकडे, एवढ्यावरही कान भरपूर जागा मानतो. रिव्हर्बमध्ये २५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, नाहीतर चिखल होतो.

मी बहुतेक वेळा इथेच थांबतो. मोनो वाद्याला मोनोच राहू द्यावं आणि रुंदी मांडणीतून आणावी, असं माझं ठाम मत आहे.

खर्ज

रात्रपाळींची मांडणी आधी करून बघाच. पण तुमच्या भावाचा अंगठा कुठे गेला ते मला सांगायचंय, कारण तो बरोबर बोलतोय.

आधी कॉपीचं. दोन कानांना वेगवेगळं ऐकू आलं तरच रुंदी जाणवते. डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत एकच आवाज असेल तर मेंदूच्या दृष्टीनं तो मध्येच उभा असतो. कॉपी दोन असो वा दहा, त्यांच्यात फरक शून्य, म्हणून रुंदीही शून्य.

आता १५ मिलिसेकंदांचं. इतक्या कमी अंतरानं आलेले दोन सारखे आवाज कानाला दोन म्हणून कळत नाहीत, एकच कळतो, आणि त्याची दिशा जो आधी पोचला त्याची ठरते. हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात हे मोजून दाखवलं, म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. मागून येणारा आवाज १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरी कान पहिल्याचंच ऐकतो. उजवा फेडर वाढवूनही गिटार डावीकडेच का राहिली, त्याचं कारण हे.

स्पीकर एकच असला की डावं आणि उजवं त्यात एकत्र मिसळतं. मूळ गिटार आणि १५ मिलिसेकंद उशिराची गिटार एकमेकांवर बसतात. काही सुरांना उशिराची लाट मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडते आणि ते सूर पुसले जातात. १५ मिलिसेकंदांसाठी हे खड्डे ३३, १००, १६७, २३३, ३०० हर्ट्झ असे दर ६७ हर्ट्झवर येतात, कंगव्याच्या दातांसारखे, थेट वरपर्यंत.

गिटारची सुटी ए तार ११० हर्ट्झची. ती १०० च्या खड्ड्याच्या काठावरच आहे, हिशेब केला तर जवळजवळ ७ डेसिबल खाली जाते. त्याच तारेचा २२० चा उपस्वर साडेचार डेसिबल खाली, ४४० चा १० डेसिबल खाली. उलट सुटी जी तार १९६ ची, ती उंचवट्यावर पडते, तिला धक्काही लागत नाही. ई ची बारीक तार ३३० ची, तीही सुखरूप. म्हणजे बारीक तारा जशाच्या तशा आणि ए चा पाया खचलेला. माझा अंदाज आहे की गाणं ए मध्ये आहे आणि तुमचे भाऊ अंगठ्यानं सुटी ए तार सतत छेडतायत. खरं का?

आकडा बदलून सुटका होत नाही. समजा ए तार वाचवायची म्हणून डिले १८.२ मिलिसेकंद केला. ए बरोबर उंचवट्यावर येते, पण सर्वांत जाड ई तार, ८२ हर्ट्झची, थेट खड्ड्यात पडते आणि जवळपास नाहीशी होते. एकीला वाचवलं की दुसरी जाते.

मी स्वतः हे खूप महागात शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका गायिकेच्या आठ गाण्यांचं मिक्स केलं आणि आठही गाण्यांत गिटारी अशाच पसरवल्या. पहिल्यांदा ती गाणी एका सभागृहात लागली, तिथली सगळी यंत्रणा मोनो. मी मागच्या रांगेत बसलो होतो. दुसऱ्या गाण्याची सुरुवात नुसत्या गिटारवर होती, आणि ती गिटार पातळ, दूर, नाकातून बोलल्यासारखी. गायिकेनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून माझ्या मॉनिटरच्या व्हॉल्यूमशेजारी मोनोचं बटण असतं आणि दर दहा मिनिटांनी त्यावर बोट जातं.

आता उपाय. हा जुना आहे, स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्याच्याही आधीचा. डॅनिश रेडिओवरच्या लॉरिडसेन यांनी १९५० च्या दशकात एकाच मोनो आवाजातून स्टिरिओचा भास निर्माण केला, आणि मानफ्रेड श्रोडर यांनी १९५८ मध्ये त्यावर लेख लिहिला. कल्पना अशी: डावीकडे मूळ आवाज अधिक उशिराचा आवाज, उजवीकडे मूळ आवाज वजा उशिराचा आवाज. डाव्या कानाच्या कंगव्याला जिथे दात आहे तिथे उजव्याच्या कंगव्याला फट आहे. दोन्ही कानांना वेगळं ऐकू येतं, म्हणून गिटार पसरते. आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की अधिक आणि वजा एकमेकांना पूर्ण खाऊन टाकतात. उरते फक्त मूळ गिटार, जशी माइकनं ऐकली तशी.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये असं करा. मूळ गिटार मध्ये ठेवा, तिला हात लावू नका. तिच्या दोन कॉपी करा. दोन्हींना एकच डिले, समजा १२ मिलिसेकंद, शंभर टक्के वेट (फक्त उशिराचा आवाज, मूळ नाही), फीडबॅक शून्य (उशीर एकदाच, पुन्हा पुन्हा नाही). एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे, आणि उजवीची पोलॅरिटी उलटी करा, म्हणजे लाट उलटी होते (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये फाय हे चिन्ह असलेलं बटण). दोन्ही कॉपींवर एकसारखा लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर), २०० हर्ट्झ. यानं अंगठ्याचा पाया पसरणार नाही, मध्ये घट्ट राहील. आता दोन्ही कॉपींचे फेडर पूर्ण खाली नेऊन हळूहळू एकत्र वर आणा. मूळ आवाजापेक्षा १० डेसिबल खाली असताना प्रत्येक बाजूचे उंचवटे साधारण अडीच डेसिबलचे आणि खड्डे सव्वातीन डेसिबलचे होतात. तेवढं बहुतेक गिटारींना पुरतं. त्याहून फार वर नेलं तर हेडफोनवर कानांवर दाब आल्यासारखं वाटतं. ते वाटलं की दोन डेसिबल मागे या.

दोन गोष्टी सांभाळा. दोन्ही कॉपींवर जे काही लावाल ते तंतोतंत सारखं हवं. एकीवर कॉम्प्रेसर किंवा सॅच्युरेशन टाकलंत की त्या एकमेकींना खाणार नाहीत. आणि डिले ३० मिलिसेकंदांच्या पुढे नेऊ नका, नखी दोनदा लागल्यासारखी ऐकू येते. शेकरवर तर हे करूच नका, त्याचा प्रत्येक दाणा दुहेरी होतो.

मग मोनोचं बटण दाबा आणि कॉपींचे दोन्ही ट्रॅक म्यूट-अनम्यूट करत राहा. काहीही फरक ऐकू आला नाही तर जमलं.

रात्रपाळी

खर्ज, गणित मान्य. पण पोलॅरिटी उलटवलेला आवाज मला स्पीकरसमोर जरा बाजूला सरकलं की ऐकू येतो, काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. म्हणून मी तो टाळतो. एकतारा, तुम्ही तुमच्या कानांनी ठरवा. हेडफोनवर आणि स्पीकरवर, दोन्हीकडे.

दोनदा

या दोघांनी सांगितलेलं बरोबरच आहे, पण एक विचारतो: गाण्यात ध्रुवपद किती वेळा येतं?

दोन-तीनदा येत असेल तर तुमच्या भावानं ते दोन-तीनदा वाजवलंय. दुसऱ्या ध्रुवपदातली गिटार कापून पहिल्याच्या उजवीकडे ठेवा, पहिल्यातली दुसऱ्याच्या उजवीकडे. हा खराखुरा दुसरा टेक आहे, त्याच हातांचा, त्याच गिटारीचा, त्याच माइकवरचा. दोन टेकमधलं अंतर प्रत्येक झंकाराला थोडं थोडं वेगळं असतं, कधी ५ मिलिसेकंद पुढे, कधी १० मागे. त्यामुळे कंगवा एका जागी स्थिर होत नाही आणि मोनोमध्ये पोकळपणा जवळजवळ येत नाही. यांत्रिक युक्तीला ही सर नाही.

गायकांना एकच ओळ दोनदा गायचा कंटाळा येतो म्हणूनच तर १९६६ मध्ये ॲबी रोडवर केन टाउनसेंड यांनी दुसरं टेप मशीन जोडून कृत्रिम डबल ट्रॅकिंग तयार केलं. टेपचा वेग ते किंचित मागेपुढे करत, म्हणजे अंतर सतत हलतं राहायचं. ते हलणं महत्त्वाचं होतं. हल्लीचे मायक्रोपिच प्लगइन डावीकडे ६-७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर आणि उजवीकडे तेवढंच खाली करून साधारण तेच साधतात. गायनाच्या मागे, अगदी हळू, ते चांगलं बसतं. अकूस्टिक गिटारवर मला त्यात कोरसचा ओलेपणा येतो, आवडत नाही.

दुसरं: पियानो कीबोर्डवरून घेतलाय का? असेल तर मिडी फाइल (कुठली पट्टी कधी दाबली याची नोंद) आहे का ते शोधा. असली तर पियानो पुन्हा स्टिरिओत वाजवून घेता येईल आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

एकतारा

खर्ज, गाणं ए मध्येच आहे, आणि हो, तो अंगठ्यानं सुटी ए तार पूर्ण गाणंभर धरून ठेवतो. तुमचं उत्तर वाचून मी १५ मिलिसेकंदांचं जुनं मिक्स मोनो करून फक्त ती तार ऐकली. ती खरंच नाहीये. तीन आठवडे मी हेडफोन काढलेच नव्हते.

दोनदा, ध्रुवपद तीनदा आहे, पण टेक क्लिकशिवाय (तालाच्या टिकटिकीशिवाय) घेतलेला आहे. तिसऱ्या ध्रुवपदात तो चांगलाच पुढे जातो. पहिलं आणि दुसरं जवळ होतं, म्हणून कॉर्डप्रमाणे तुकडे करून एकेक बसवला. सोळा मात्रांना पाऊण तास लागला. पण काय फरक आहे! डावीकडे तो, उजवीकडेही तोच, आणि दोघं एकमेकांकडे बघून वाजवतायत. एके ठिकाणी दुसऱ्या टेकमध्ये तो एक स्ट्रोक वरून मारतो, पहिल्यात खालून. इतक्या दिवसांत मला ते कधी कळलंच नव्हतं.

कडव्यांना जोडी मिळत नाही, दर वेळी वेगळं वाजवलंय. तिथे खर्ज यांची पद्धत लावली, १२ मिलिसेकंद, कॉपी १२ डेसिबल खाली. म्यूट-अनम्यूट करून पाहिलं, मोनोत फरक शून्य.

पियानोची मिडी नाही. कीबोर्डच्या डाव्या आउटपुटमध्ये एकच केबल लावली होती. त्याचं काय करू?

खर्ज

पियानोवर डिले नको, त्याचा ठोका बोथट होईल. इक्यूनं (ठरावीक सूर वर-खाली करून) भागवा.

ट्रॅकच्या दोन प्रती करा, डावी आणि उजवी, डिले अजिबात नाही. डावीला ४०० हर्ट्झवर ३ डेसिबल वर, उजवीला तिथेच ३ खाली. मग १,२०० वर उलट: डावी खाली, उजवी वर. ३,५०० वर पुन्हा पहिल्यासारखं. इक्यूच्या घंटेची, म्हणजे प्रत्येक चढ-उताराची, रुंदी दोन्हींकडे सारखी ठेवा. पियानो एका ठिपक्यातून बाहेर येऊन थोड्या लांबीचा होईल. खालचे सूर एकीकडे आणि वरचे दुसरीकडे, तसं काहीसं.

मोनोत ३ वर आणि ३ खाली यांची बेरीज सपाट होत नाही, साधारण अर्धा डेसिबल वर राहते. तेवढं चालतं. ६-६ केलंत तर दोन डेसिबलच्या जवळ जातं आणि तिथे पियानो खणखणायला लागतो. म्हणून ३-४ च्या पुढे जाऊ नका.

आणि एक राहिलं. ध्रुवपदात खऱ्या दुहेरी गिटारी आल्या आहेत, तर कडव्यातली कॉपी अजून खाली घ्या, पहिल्या कडव्यात तर पूर्ण बंद करून बघा. पहिल्या कडव्यात गिटार एकटी, मध्ये, मोनो. मग ध्रुवपद उघडलं की जी रुंदी वाटेल ती कुठल्याही प्लगइननं मिळणार नाही. रात्रपाळी म्हणतात ती मांडणी इथे कामाला येते.

दोनदा

+१. आणि बेसला हात लावू नका.

एकतारा

पहिल्या कडव्यात सगळं बंद केलं. गिटार मध्ये, गायन मध्ये, बाजूंना फक्त रात्रपाळींची छोटी खोली, तीही जेमतेम. दुसऱ्या ओळीनंतर पियानो येतो, ३-३ वाला. ध्रुवपदात दोन्ही गिटारी आल्या की खोलीच्या भिंती मागे सरकतात. गायनाच्या मागे मायक्रोपिच टाकून बघितला, तीन दिवसांनी काढला.

काल रात्री भावाकडे गेलो आणि त्याच्याच त्या छोट्या स्पीकरवर गाणं लावलं. तो काही बोलला नाही. पहिलं कडवं संपेपर्यंत त्याचा उजवा हात मांडीवर होता, आणि ए तारेच्या प्रत्येक ठोक्याला अंगठा खाली जात होता.

ध्रुवपद आलं तेव्हा त्यानं विचारलं, "दुसरा कोण आहे?"

मी म्हटलं, तूच आहेस.